रेल्वेला सांगितलेला पहिला भाव

माझं माहेर रेल्वेच्या रुळाला लागून आणि सासर रुळांपासून लांब, डोंगराच्या पोटाशी. शहापूर तालुक्यात आटगावच्या पुढे, कसाऱ्याच्या अलीकडे आमचं घर होतं आणि वडील रेल्वेत गँगमन होते. लग्न होऊन मी मुरबाड तालुक्यात आले, तेव्हा पाठराखीण म्हणून आलेल्या आत्याने हातपाय धुतले आणि पाणी पिता पिता पहिला प्रश्न विचारला, इथे गाडी कुठे थांबते? सासरच्या मंडळींना वाटलं एसटीबद्दल विचारतेय. त्यांनी कौतुकाने रस्त्यावरचा थांबा दाखवला. परत जाताना आत्या मला कोपऱ्यात घेऊन एवढंच म्हणाली की, पोरी, जपून राहा.

मुरबाडला रेल्वे येणार आहे हे मी त्याच आठवड्यात ऐकलं. चुलत सासूबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, आता येईलच, मग तुला माहेरी जायला सोपं पडेल. त्यांनी ते त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलं होतं. पुढे मी ते इतक्या जणांकडून ऐकलं की हळूहळू कानाला त्याची सवय झाली. निवडणूक जवळ आली की रेल्वे जवळ यायची, निवडणूक गेली की तीही जायची. मधेच कधी तीन पायांची यंत्रं घेऊन माणसं यायची, शेताच्या बांधावर चुन्याच्या रेघा मारायची आणि पाऊस त्या धुवून न्यायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. सरकारी कामाला किती वेळ लागतो हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. लाइनीचं नाव निघालं की मी वह्या तपासायला घ्यायचे.

आमचे हे मात्र मनापासून मानायचे. शाळेत मी आयुष्यभर नावं पुकारली, घरात ह्यांचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून इथेही 'हे'च. मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर होते. शिफ्ट संपवून आले की अंगणात बसून सांगायचे, लाइन कुठून येईल, स्टेशन कुठे पडेल, आपल्या गावाला थांबा मिळेल की नाही. न मिळालेल्या थांब्यावरून चुलत भावाशी भांडणही व्हायचं. मी आतून ओरडायचे की, आधी गाडी तर येऊ द्या, मग थांब्याचं बघा.

रेल्वे का येत नाही, याचं कारण दर वेळी एकच सांगितलं जायचं. परवडत नाही. लाइन टाकायला एवढा खर्च, चालवायला एवढा, आणि त्या मानाने परतावा बसत नाही. मला हे अगदीच चुकीचं वाटायचं असंही नाही. गँगमनची पोर मी. वडील निवृत्त व्हायच्या सुमाराला दोन टोळ्यांची एक टोळी झाली आणि वडिलांच्या वाट्याचा रूळ वाढला. घरी आले की गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे, रेल्वेला पण परवडायला हवं ना. पैसा लोकांचाच असतो, तो जपून वापरावा, हे मला पटतं. फक्त परवडत नाही म्हणताना कुणाला परवडत नाही ते कुणी पुरं सांगत नाही. आणि कसाऱ्याला रुळासाठी थळ घाट फोडला तेव्हा आमच्या पाड्यांवर येऊन कुणी विचारलं असेल का, की बाबांनो, तिकिटाचे किती द्याल?

मग ह्यांच्या किडन्या गेल्या.

निदान झालं, नोकरी सुटली आणि मशीनवर रक्त धुणं मागे लागलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जवळपास कुठे नंबर लागेना, लागला तो कल्याणला. उपचार सरकारी योजनेतून होता, त्याचे पैसे पडत नव्हते, त्याबद्दल मी सरकारचे आभारच मानते. पण तिथवर जायचं कसं, हे कुठल्याच योजनेत नव्हतं. दर वेळी गाडी भाड्याने करणं झेपणारं नव्हतं, म्हणून एसटी. माळशेजकडून येणारा तो रस्ता कुठे खणलेला, कुठे भरलेला, कुठे भरून परत खणलेला. रायत्याच्या पुलावर ट्रक अडकले की सगळंच अडकायचं. जाताना एक वेळ ठीक. पण मशीनवरून उतरलेला माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा असतो. त्याला तेवढा रस्ता परत बसमधून आणायचा म्हणजे खड्ड्यागणिक त्याचा चेहरा बघत बसायचं. बहुतेक वेळा हे म्हारळच्या आसपास पिशवीत उलटी करायचे आणि मग खिडकीला डोकं टेकून मुरबाड येईपर्यंत डोळे मिटून राहायचे.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. लेक नाशकात, तिच्या संसारात. एकदा परतताना हे डोळे न उघडता म्हणाले की पुढच्या खेपेला नको जाऊ या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मशीन सोडलं तर फार दिवस काढता येणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळत होता.

मी उपाय काढला होता. माझ्या माहेराजवळ, आसनगावला, स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घ्यायची. दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळते, कल्याण काही फार लांब नाही, आणि रुळाला खड्डे नसतात. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी जणू वृद्धाश्रमाची गोष्ट काढली. साठी उलटल्यावर मला घरजावई करतेस काय, म्हणाले. मी म्हटलं, भाडं आपण देणार, जावई कसले? मग खरं कारण बाहेर आलं. आता मोजणी लागणार आहे, ह्या वेळी नक्की होणार, आणि लाइन आली की इथूनच जाता येईल, एवढ्यासाठी गाव कशाला सोडायचं. लाइनीचं हे वेड माझ्या आड येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला खूप राग आला आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

मोजणी खरोखरच लागली होती. रेल्वेच्या कामासाठी नेमलेली कुठली तरी खाजगी मंडळी येऊन रस्त्यावरचे प्रवासी मोजणार होती, त्यांना प्रश्न विचारणार होती आणि त्यावरून लाइन परवडेल की नाही ते ठरणार होतं. ही बातमी आणली माझ्या चुलत दिरांनी. भावजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गावात उपसरपंच. त्यांचं आणि ह्यांचं लहानपणापासून एका ताटातलं. स्वभावाने लाख माणूस, पण एकदा डोक्यात काही आलं की उतरता उतरायचं नाही.

त्यांच्या डोक्यात जे होतं त्याला कारण होतं. पूर्वी आमच्या गावाला मुक्कामाची एसटी यायची. संध्याकाळी यायची, रात्री देवळापुढे उभी राहायची आणि सकाळी निघायची. एका वर्षी ती बंद करायचं घाटलं, कारण भारमान कमी. भारमान म्हणजे गाडीत किती सीट भरतात त्याचा हिशेब. तेव्हा नोकरीत असलेल्या भावजींनी गुपचूप गावाला सांगितलं की काहीही करा, गाडी भरून पाठवा. मग गावाने पाळ्या लावल्या. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या एकाने काम असो नसो, तिकीट काढून मुरबाडला जाऊन यायचं. म्हाताऱ्या चहा पिऊन परत यायच्या. भारमान वाढलं, गाडी वाचली. त्या गाडीने पुढे गावातल्या कितीतरी मुली कॉलेजला गेल्या, माझी लेकसुद्धा. त्यामुळे गावाला त्या पाळ्यांचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

आता भावजींनी तेच रेल्वेसाठी करायचं ठरवलं. देवळात बैठक झाली. मोजणीच्या दिवशी घरटी जेवढी माणसं निघतील तेवढी बाहेर काढायची आणि कल्याणपर्यंत पाठवायची. आमच्याच गावाने नाही, रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी. भावजी फोनवर फोन करत होते. प्रश्न काय येतील त्याची उत्तरंही त्यांनी शिकवली. रोज जाता का? रोज जातो. कशाला? कामधंद्याला. मी मागे बसून ऐकत होते. मी आजवर माणसं, गुरं, शौचालयं, शाळाबाह्य मुलं, सगळं मोजलेलं होतं आणि मोजणाऱ्याला लोक काय काय सांगतात ते मला पाठ होतं. पण हे इतके खूश होते की मी तोंड उघडलं नाही. घरी येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आधारासाठी, आणि सगळा वेळ बोलत होते.

मोजणीचा दिवस नेमका आमचा मशीनचा दिवस निघाला. भावजी म्हणाले, उत्तमच झालं, दादाचा प्रवास तर एकदम खरा.

सकाळी थांब्यावर जत्रेसारखी माणसं. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढलेली, पुरुषांनी टोप्या धुतलेल्या. ह्यांना बसायला कुणी तरी घरातून खुर्ची आणली. पहिली एसटी आली ती दारापर्यंत भरलेली, थांबलीच नाही. आमच्या वरच्या गावांनी भावजींचं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं. दुसरीही तशीच गेली, आतून ओळखीची माणसं हात करत होती. जीपगाड्या टपावर माणसं घेऊन गेल्या. मी भावजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी फुलला होता, भरलेल्या गाड्या बघून. मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. तिसरी गाडी त्यांनी अक्षरशः रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. चार बाप्यांनी ह्यांना उचलून आत घातलं, एका बाईने जागा सोडली. सगळी आपलीच माणसं होती, एकाच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणूनच कुणाला बोलताही येत नव्हतं.

मुरबाडच्या स्टँडवर गाडी थांबवून ठेवली होती. मोजणीवाले आत चढले. टॅब घेतलेला एक चष्मेवाला मध्यमवयीन गृहस्थ एकेकाला शांतपणे विचारत होता. रोज जाता? रोज. कशाला? कामधंद्याला. ऐंशीच्या म्हातारीनेही कामधंदाच सांगितला, गृहस्थाने मान वर न करता लिहून घेतला. मग त्याने असा प्रश्न विचारला जो भावजींनी शिकवलेल्यांत नव्हता. रेल्वे झाली तर कल्याणपर्यंत तिकिटाचे जास्तीत जास्त किती रुपये द्याल?

पहिल्या बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याची सगळी हयात बैलबाजारात गेलेली. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत रुमालाखाली बोटं धरून त्याने किती जोड्यांचे सौदे केले असतील त्याला मोजदाद नाही. घ्यायला गेलेला माणूस पहिल्या बोलीत खरा आकडा कधीच सांगत नसतो. म्हातारा थोडा विचार करून म्हणाला, पाच रुपये.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. बाजारात गावातला एक माणूस भाव बोलला की दुसऱ्या गाववाल्याने त्याच्यावर चढा भाव बोलायचा नाही. भाव फोडला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हातारा पाच म्हणाला आणि सगळी बस पाच म्हणत गेली. शिकलेली, नोकरीवाली माणसंसुद्धा. एसटीला त्याच प्रवासाचे कितीतरी जास्त मोजून ती त्याच वेळी बसलेली होती. गृहस्थ लिहून घेत होता, पाच, पाच, पाच.

माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. मशीनची वेळ टळत चालली होती. मी त्याला म्हटलं, आमचा पेशंट आहे, गाडी सोडा. तो म्हणाला, ताई, झालंच, थोडेच राहिले. त्याचीही चूक नव्हती, त्यालाही त्याचे आकडे भरायचे असतील. मग तो ह्यांच्यापाशी आला. रोज जाता? ह्यांनी खरं ते सांगितलं, आठवड्यातनं दोनदा. कशाला? दवाखान्यात. तिकिटाचे किती द्याल?

"तुमी बोलाल तेवढं," हे म्हणाले.

पहिल्या बाकावरचा म्हातारा गर्रकन मागे वळला. भाव फुटला होता. गृहस्थ म्हणाला की तसं चालत नाही, आकडा लागतो. ह्यांनी हात हलवून नाही म्हटलं, त्यांना धाप लागत होती. गृहस्थाने टॅबवर काहीतरी दाबलं आणि पुढच्या माणसाकडे गेला. नंतर भावजींकडून कळलं की आकडा न देणाऱ्याचं उत्तर त्यात धरतच नाहीत.

कल्याणला पोहोचलो तेव्हा मशीनजवळची ह्यांची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिलेली होती. सिस्टर चांगली होती, पण तिच्या तरी हातात काय होतं. मशीनं मोजकी, पेशंट रांगेत. उद्या सकाळी सगळ्यांत आधी घेते म्हणाली. परत येतानाच्या गाडीत सगळा गाव होता. कुणी वडापाव खात होतं, कुणी फलाटावर जाऊन खरी रेल्वे बघून आलं होतं, सगळे खुशीत. मी त्या गर्दीत ह्यांचे सुजत चाललेले पाय बघत बसले. मला त्या सगळ्यांचा, त्यांच्या टोप्यांचा आणि लुगड्यांचा एवढा तिटकारा आला, की तो तिटकारा कुठून आला याचीच भीती वाटली. चाळीस वर्षांची माझी माणसं होती ती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ह्यांना श्वास घेता येईना. पाणी छातीत चढलं होतं. भावजींनी कुणाची तरी इको गाडी दारात आणून उभी केली आणि स्वतः मागे बसून ह्यांना वाटभर छातीशी उभं धरून ठेवलं. वेळेत पोहोचलो, एवढंच म्हणते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की असं पुन्हा झालं तर मला जबाबदार धरू नका. काही दिवस हे तिथेच भरती होते. भावजी रोज यायचे, आत यायचे नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसायचे. मी बाहेर आले की चहाचा कप पुढे करायचे आणि दुसरीकडे बघायचे. मी त्यांना बोलायला लागले असते तर कुठे थांबले असते ते सांगता येत नाही.

काही महिन्यांनी तालुक्याला सभा झाली. मोजणीचं काय झालं ते सांगायला रेल्वेकडून एक अधिकारी आले होते. हे म्हणाले, मला घेऊन चल. मी नको म्हणत असतानाही भावजींनी खुर्चीत बसवून नेलं. अधिकारी सरळ माणूस वाटला, थकलेलाही. अशा किती सभा त्याने केल्या असतील देव जाणे. त्याने सांगितलं की प्रवाशांची संख्या चांगली आहे, अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली. भावजींनी छाती बाहेर काढली. मग तो म्हणाला की अडचण भाड्याची आहे. लोक जेवढं भाडं द्यायला तयार आहेत, त्यात गाडी चालवण्याचा रोजचा खर्चसुद्धा निघत नाही, बांधकाम तर बाजूलाच. जितके जास्त प्रवासी तितका जास्त तोटा, असा हिशेब आला आहे. तेव्हा तूर्त तरी परवडत नाही.

मग तो बैलबाजारातला म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"सायेब, त्यो पयला भाव व्हता," तो म्हणाला. "तुमी फुडं काय बोललातच नाय."

कुणी हसलं नाही. अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, बाबा, आमच्याकडे पुढचा भाव विचारायची सोय नसते, एकदाच विचारतो. म्हातारा खाली बसला आणि शेजारच्याला म्हणाला की मग असल्या माणसाला बाजारात कुणी धाडला. मला तेव्हा त्या दोघांचीही कीव आली. एकाला वाटलं सौदा सुरू झालाय, दुसऱ्याला वाटलं उत्तर मिळालं. मधल्या मधे आमची लाइन गेली.

त्या मोजणीचा एक फायदा मात्र झाला. भरलेल्या गाड्या बघून एसटीने दुपारची एक जादा फेरी सुरू केली. थोडे दिवस ती रिकामी धावली, मग भारमान नाही म्हणून बंद झाली.

घरी आल्यावर हे दोन दिवस अंगणात येऊन बसले नाहीत. मशीनचा दिवस आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी कपडे काढून ठेवले, पिशवी भरली, पाण्याची बाटली मोजून भरली, कारण त्यांना पाणीही मापाने प्यायचं असतं. गाडीची वेळ होत आली तरी उठेनात. मी जवळ जाऊन बसले. तेव्हा ते भिंतीलाच सांगितल्यासारखे बोलले की मी हिशेब करत होतो. तुझा दिवस जातो, माझा दिवस जातो, भाऊ त्याची कामं सोडून येतो, सरकारचा पैसा जातो, आणि ह्या सगळ्यातून निघतं काय तर पुढच्या खेपेपर्यंतचा मी. परतावा बसत नाय गो.

मला इतका संताप आला की हातातली बाटली मी जमिनीवर आपटली. पाणी सांडलं ते सांडलं.

"अहो, तुम्ही काय रेल्वेची लाइन आहात का?" मी ओरडले. "मला परवडताय की नाही ते मला विचारा. त्या टॅबवाल्याला काय विचारता?"

आणि मग मी रडले. लग्नानंतर ह्यांच्यासमोर अशी मी रडले नव्हते. मला वाटत होतं की बोलत राहिले तर ते उठतील आणि गप्प बसले तर उठणार नाहीत, म्हणून रडता रडताही बोलत होते. एकट्या घरात मी काय करू म्हटलं. तुमच्या लाइनीच्या नादात माझं माणूस जातंय म्हटलं. आणखी काय काय म्हटलं ते आठवत नाही. ह्यांनी कूस बदलून माझ्याकडे बघितलं. मग त्यांना हसू आलं. लाइन आहात का, हे त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं आणि हसताना त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळत होते तेव्हा म्हणाले, खोली बघ.

त्या दिवशी आम्ही मशीनवर गेलो. आठवड्याभरात माझ्या माहेरच्या भावाने आसनगावला तळमजल्यावरची खोली शोधली. लाइन आमच्याकडे आली नाही, म्हणून आम्ही लाइनीकडे निघालो. रेल्वेच्या बाजूने बघितलं तर याच्याएवढं स्वस्त काम दुसरं नसेल. रुळाखालचा एक स्लीपरही टाकावा लागला नाही.

सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, गॅस, गाद्या, ह्यांची खुर्ची. भातशेती भावजी बघणार होते, किल्ली त्यांच्याकडेच दिली. टेम्पोत सगळं चढवून तेच दोर आवळत होते. निरोपाला जमलेल्या बायका उगाच मागच्या खोल्या पुन्हा पुन्हा झाडत होत्या. ह्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. भावजी दोराची गाठ मारून खिडकीपाशी आले. मग हळूच म्हणाले की वर अर्ज केलाय, आज ना उद्या मोजणी परत लागेल.

"लागंल तवा येक दिस येशील ना दादा?" ते म्हणाले. "येक मानूस बी कमी नको पडाय."

मला क्षणभर वाटलं की त्यांच्या थोबाडीत द्यावी. एवढं होऊनही ह्याचं मोजणंच चाललंय. पण त्यांचे डोळे भरलेले होते आणि मला कळलं की भावाला पुन्हा ये म्हणायला ह्या माणसाला दुसरं कारणच सुचत नव्हतं. हे खिडकीतून घराकडे बघत होते. अंगणाकडे, आणि पलीकडच्या बांधाकडे, जिथे कधी तरी चुन्याच्या रेघा पडल्या होत्या.

"येईन की," हे म्हणाले. "पन मला चढनाऱ्यांत नको लिवू. हितं उतरनाऱ्यांत लिव."

भावजींनी मान हलवली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मी ह्यांचा हात धरून सरळगाव येईपर्यंत रडत होते.